नवा बेल्ट टाकला तरी चिवचिव परत येते? आधी सांगा, किती दिवसांनी आली

बॉनेटखालच्या आवाजाची तक्रार गॅरेजात बहुतेक वेळा निदानासकटच येते. "बेल्ट वाजतोय, बदलून टाका." बेल्ट बदलला जातो, आवाज जातो, गाडीवाला समाधानाने घरी जातो. काही दिवसांनी तीच गाडी, तोच आवाज. मग मागचा बेल्ट डुप्लिकेट होता असं ठरतं आणि दुसऱ्या कंपनीचा पडतो. तोही थोडे दिवस गप्प बसतो. तिसऱ्या खेपेला कुणीतरी बेल्टला साबण लावायचा सल्ला देतं.

हा बेल्ट म्हणजे इंजिनाच्या क्रँक पुलीवरून फिरत अल्टरनेटर (वीज तयार करणारं यंत्र), एसीचा कॉम्प्रेसर आणि काही गाड्यांत वॉटर पंप व स्टेअरिंगचा पंप फिरवणारा रबरी पट्टा. वाजतो बेल्ट, पण बिघाड बऱ्याचदा तो ज्यांच्यावरून फिरतो त्यांच्यापैकी कुणाचा तरी असतो. तिरकी बसलेली पुली, थकलेला टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा स्प्रिंगचा हात), ग्रीस संपलेलं बेअरिंग, वरून ठिबकणारं ऑइल. नव्या बेल्टचं रबर ताजं असतं, कंगोरे (आतल्या अंगाच्या उंच पट्ट्या, ज्या पुलीच्या खाचांत बसतात) भरलेले असतात, त्यामुळे हे सगळे दोष तो काही दिवस पोटात घालतो. कंगोऱ्यांच्या कडा घासल्या, त्यांच्यावर चकाकी आली, की आवाज परत सुरू. म्हणून परत आलेल्या गाडीवाल्याला मी सगळ्यात आधी एवढंच विचारतो, मागचा बेल्ट टाकल्यावर किती दिवस शांत गेले?

त्याच दिवशी, की महिन्याने

गाडी फाटकातून बाहेर पडतानाच किंवा दुसऱ्या सकाळी पहिल्या स्टार्टला आवाज आला, तर बेल्ट चुकीचा आहे, चुकीचा बसलाय, ताण कमी आहे किंवा पुलीच झिजलेली आहे. बेल्टच्या पाठीवर ६ पीके १२०० असं काहीतरी छापलेलं असतं. पीके हा कंगोऱ्यांचा प्रकार. मोटारींच्या चपट्या बेल्टमध्ये सर्रास हाच असतो आणि त्यात दोन कंगोऱ्यांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर असतं. आधीचा आकडा कंगोरे किती ते सांगतो, नंतरचा लांबी मिलिमीटरमध्ये. दुकानदार म्हणतो, "१२०० नाही, १२१० आहे, बसतो." बसतो हे खरं. पण मग टेन्शनरचा हात त्याच्या हालचालीच्या टोकाकडे जातो आणि पुढे बेल्ट जरा ताणला की त्याला ओढून धरायला जागाच उरत नाही. सहा खाचांच्या पुलीवर पाच कंगोऱ्यांचा बेल्टही बसतो, चालतोही, आणि एसी लावला की ओरडतोही.

काही गाड्यांत टेन्शनरही नसतो आणि अल्टरनेटर सरकवून ताण द्यायची लांबट खाचही नसते. तिथे मुळातच रबरासारखा ताणला जाणारा खास बेल्ट कंपनीने दिलेला असतो. त्याच लांबीचा साधा बेल्ट पेचकसाने उचकटून चढवला तर तो लवकरच ढिला पडतो, आणि चढवताना आतले दोरे तुटले असतील तर त्याआधीच एका कडेने उसवायला लागतो. अशा गाडीचा बेल्ट घेताना नंबरासोबत गाडीचं मॉडेल आणि साल दोन्ही सांगा, आणि चढवायला त्याचं साधन असलेल्या माणसाकडेच जा.

त्याच दिवशी वाजणाऱ्या गाड्यांत एक चूक इतक्या वेळा सापडते की मी टॉर्च घेऊन आधी तीच शोधतो: बेल्ट एखाद्या पुलीवर एक खाच सोडून बसलेला. वरच्या पुल्या दिसतात म्हणून नीट बसतात. खालची क्रँक पुली किंवा कॉम्प्रेसरची पुली चाकाच्या बाजूने वाकून बघावी लागते, आणि ते वाकणं टाळलं जातं. बेल्टची एक कड पुलीबाहेर लोंबत असेल तर पुढचं काही वाचू नका, तो उतरवून नीट बसवा. कड फाटली असेल तर तो बेल्ट गेला.

दोन-चार आठवड्यांनी आवाज परत आला तर माझा संशय दोघांवर जातो, तिरकी पुली आणि गळती. सहा महिने, वर्ष शांत गेलं असेल तर टेन्शनरची स्प्रिंग किंवा एखादं बेअरिंग. हे हिशेब ढोबळ आहेत, रोज मुंबई–पुणे करणाऱ्या टॅक्सीचे आठवडे आणि रविवारी बाहेर पडणाऱ्या गाडीचे आठवडे सारखे नसतात.

तीन आवाज, तीन दिशा

चीं-चीं-चीं असा तुटक, तालात येणारा, पक्ष्यासारखा आवाज. गाडी आयडलिंगला उभी असताना स्पष्ट ऐकू येतो, रेस केली की वेग वाढतो किंवा इतर आवाजात हरवतो. हा बहुतेक वेळा तिरकेपणाचा. बेल्ट पुलीच्या खाचेत सरळ उतरत नाही, कंगोरा खाचेच्या भिंतीला घासत आत जातो आणि प्रत्येक घासण्याला एक चीं.

लांबलचक कुंईंईं अशी किंचाळी, जी सकाळी स्टार्ट मारल्यावर, एसीचं बटण दाबल्यावर, किंवा हायड्रॉलिक स्टेअरिंग असेल तर ते टोकापर्यंत वळवल्यावर येते आणि भार उतरला की थांबते, ती घसरण्याची. बेल्ट पकड सोडतोय. सकाळीच का, हे समजून घेण्यासारखं आहे. स्टार्टरने बॅटरी ओढलेली असते, ती भरून काढायला अल्टरनेटर पहिली काही मिनिटं जोरात काम करतो. ९० अँपिअरचा अल्टरनेटर १४ व्होल्टला पूर्ण भाराने चालला तर १२६० वॅट वीज देतो; त्याचे स्वतःचे तोटे धरले तर बेल्टला जवळजवळ दोन किलोवॅट ताकद पोचवावी लागते. तीही त्या रांगेतल्या सगळ्यात छोट्या पुलीवरून, जिला बेल्टचा वेढा कमीच मिळतो. रात्रीचं दव पडलेलं असेल तर बघायलाच नको.

तिसरा आवाज घूं, खरखर किंवा गिरणीसारखी घरघर. भाराचा फारसा संबंध नाही, इंजिनाच्या वेगाबरोबर सूर चढत जातो. हा बेल्टचा नाहीच, बेअरिंगचा आहे. इथे बेल्ट बदलणं म्हणजे पैसे नाल्यात.

पाण्याची चाचणी

आधी खबरदारी. इंजिन चालू असताना बाही, ओढणी, साडीचा पदर, मोकळी वेणी, गळ्यातली साखळी यातलं काही बॉनेटखाली झुकू देऊ नका. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा काही गाड्यांत चावी काढल्यावरही अचानक सुरू होतो. हात लावून करायच्या सगळ्या तपासण्या इंजिन बंद, चावी खिशात.

इस्त्रीच्या वेळी कपड्यांवर मारतात तसली फवाऱ्याची बाटली घ्या, साधं पाणी भरा. गाडी आयडलिंगला, आवाज चालू. बेल्टच्या कंगोऱ्यांच्या बाजूला, म्हणजे आतल्या अंगाला, दोन-तीन फवारे मारा. वायरिंगच्या कनेक्टरांवर पाणी उडवू नका. आता कान द्या. आवाज लगेच गेला आणि काही सेकंदांनी, पाणी उडाल्यावर, परत आला तर पुली तिरकी आहे. पाण्याने घर्षण तेवढ्यापुरतं मरतं. आवाज उलट वाढला तर बेल्ट घसरतोय; आधीच कमी असलेली पकड पाण्याने आणखी गेली. काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगकडे वळा.

आपल्याकडे हीच चाचणी पावसाळा फुकटात करून देतो. "भर पावसात गाडी गप्प असते, ऊन पडलं की चिवचिवते" असं सांगणारा तिरक्या पुलीचंच वर्णन करत असतो. "पाण्याच्या डबक्यातून गेलो की किंचाळते" हा ढिल्या ताणाचा किंवा झिजलेल्या बेल्टचा. आंबोलीसारख्या ठिकाणी चार महिने गाडी वापरणाऱ्याला ही माहिती आधीच असते, फक्त कुणी विचारलेली नसते. एक मात्र सांभाळा. बेल्ट धड ओला नाही, धड कोरडा नाही अशा अवस्थेत चांगली गाडीही सकाळी एक-दोन सेकंद वाजू शकते. तेवढ्यावरून गाडी खोलायला घेऊ नका.

तिरकी पुली शोधणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि म्हणूनच परत येणाऱ्या आवाजांचा मोठा वाटा इथेच दडलेला असतो.

इंजिन बंद करून बेल्टच्या दोन्ही कडा बघा. एक कड चकचकीत किंवा दोरे सुटलेली आणि दुसरी नव्यासारखी असेल तर बेल्ट एका बाजूला ढकलला जातोय. आसपासच्या ब्रॅकेटवर एकाच अंगाला रबराची काळी पूड जमलेली असेल तर तेच सांगते. मग स्टीलची सरळ पट्टी क्रँक पुलीच्या तोंडाला टेकवा आणि शेजारच्या पुलीशी जुळवून बघा. पुल्यांच्या कडांची जाडी सारखी नसते, म्हणून अंतर कडेपासून न मोजता पहिल्या खाचेपासून मोजा. दोन पुल्यांमध्ये ३० सेंटिमीटरचं अंतर असेल तर साधारण दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. दीड मिलिमीटर म्हणजे एक पातळ वॉशर. एवढ्याशा फरकाने बेल्ट ओरडतो हे पटत नाही, पण ओरडतो. लेझरचं साधन मिळतं, असेल तर काम सोपं. नसेल तर पट्टी आणि धीर पुरतो.

फरक येतो कुठून? गाडी कारखान्यातून तिरकी क्वचितच येते. मधे कुणीतरी काहीतरी खोललेलं असतं. अल्टरनेटर इलेक्ट्रिशियनकडे बेअरिंग किंवा रेग्युलेटरसाठी गेला होता का? परत बसवताना मागचा स्पेसर (अंतर राखणारी कडी) राहिला, पुली प्रेसवर पूर्ण दाबली गेली नाही, दुसऱ्या मॉडेलची पुली लागली. कॉम्प्रेसर बदलला आणि ब्रॅकेट बाहेरचा आला. समोरून हलकासा ठोकर लागून ब्रॅकेट वाकला. माझ्याकडे आलेल्या एका डिझेल हॅचबॅकवर लागोपाठ बेल्ट पडत होते, मालकाला अल्टरनेटरच्या कामाबद्दल विचारलं तर म्हणाला, "ते तर वर्षापूर्वीचं, त्याचा काय संबंध?" पुलीमागचा स्पेसर नव्हता. त्या गाडीला बेल्टची गरज पहिल्यापासूनच नव्हती.

काही तिरकेपणा गाडी उभी असताना दिसतच नाही. टेन्शनरच्या हाताचा बुश झिजला की बंद इंजिनाला पुली सरळ दिसते, ताण आला की झुकते. टेन्शनरची पुली दोन बोटांत धरून पुढे-मागे हलवा. टकटक प्ले (ढिलेपणा) लागला, किंवा हात आणि बॉडीच्या फटीतून गंजाची तांबूस पूड बाहेर आलेली दिसली, तर टेन्शनर बदला. त्याला ग्रीस मारून उपयोग नसतो.

दोन पुल्या एका रेषेत आणि तिसरी बाहेर असेल तर सुधारायची ती तिसरी. हातोडीने ब्रॅकेट सरळ करायचा मोह आवरा. योग्य स्पेसर किंवा शिम (पातळ चकती) घाला, बोल्ट ठरलेल्या जोराने आवळा, आणि मगच, लागलाच तर, नवा बेल्ट.

ताण

जुन्या गाड्यांचा सिंगल व्ही बेल्ट असो किंवा अल्टरनेटरच्या लांबट खाचेवर ताण द्यायची सोय असलेली नवी गाडी, दोघांची चाचणी अंगठ्याची. दोन पुल्यांमधल्या सगळ्यात लांब सरळ भागावर अंगठ्याने चांगलं जोर देऊन दाबा. साधारण १० मिलिमीटर खाली गेला तर ठीक; गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तो अंतिम. चपटा बेल्ट बोटांनी पीळ देऊन पाहण्याची पद्धतही आहे, पाव फेरा वळला पाहिजे, अर्धा वळला तर ढिला. आवाज नकोच म्हणून तारेसारखा ताठ करणारे भेटतात. आवाज जातो, आणि काही महिन्यांनी अल्टरनेटरचं किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग जातं.

व्ही बेल्टचं आणखी एक. तो खाचेच्या दोन्ही उतरत्या भिंतींवर पकड घेतो, तळावर नाही. बेल्ट किंवा पुली झिजून बेल्ट तळाला टेकला की कितीही आवळा, घसरणारच. पुलीच्या खाचेचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर तेच झालंय आणि आता पुली बदलायची आहे.

आपोआप ताण देणाऱ्या टेन्शनरवर बहुधा दोन खुणा असतात आणि हाताचा काटा त्यांच्यामध्ये असावा लागतो. बाहेर गेला असेल तर बेल्ट लांब झालाय किंवा चुकीच्या लांबीचा आहे. इंजिन बंद असताना पान्ह्याने हात फिरवून सोडा. मधे अडकला, खडखडला किंवा सुस्तपणे परत आला तर स्प्रिंग आणि आतलं डॅम्पिंग संपलंय. इंजिन चालू करून लांबून बघा, हात किंचित थरथरतो तेवढं चालतं. डोळ्यांना सहज दिसेल इतका झुलत असेल तर टेन्शनर मागवायच्या आधी पुढे लिहिलेली फ्रीव्हील पुली तपासा, कारण नवा टेन्शनरही तसाच झुलेल.

बॅटरीचा दिवा किंचाळीबरोबर मिणमिणत असेल तर मल्टिमीटर बॅटरीला लावा. रेस थोडी वाढवून, हेडलाइट आणि एसी लावून, साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. किंचाळी असताना आकडा खाली घसरतो आणि ती थांबली की वर येतो, तर घसरण सिद्ध झाली. चार्जिंग स्वतःच कमी-जास्त करणाऱ्या नव्या गाड्यांत हा आकडा एरवीही हलतो, तिथे फक्त किंचाळीच्या क्षणी काय होतं ते बघा.

ज्या माइल्ड हायब्रिड गाड्यांत सिग्नलला बंद झालेलं इंजिन बेल्टवरच्या स्टार्टर-जनरेटरने परत सुरू होतं, त्यांत बेल्टचं काम दुहेरी असतं: कधी इंजिन त्याला ओढतं, कधी तो इंजिनाला. सिग्नल सुटताना प्रत्येक वेळी छोटी किंचाळी येत असेल तर बेल्ट आणि त्याचा खास टेन्शनर दोन्ही बघा, आणि तिथे "साधारण त्याच मापाचा" बेल्ट अजिबात नको.

बेल्ट काढा आणि हाताने फिरवा

घरघर असेल तर सगळ्यात खात्रीची तपासणी हीच. आधी मोबाइलवर बेल्टच्या मार्गाचा फोटो काढा, नंतर तो कुठून कुठे जातो यावर वाद घालण्यात दुपार जाते. बेल्ट काढून इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवा. बॅटरीचा दिवा लागेल, तो लागणारच. वॉटर पंप याच बेल्टवर असेल तर जास्त वेळ चालवायचं नाही. आवाज गेला तर दोष बेल्टच्या रांगेत आहे. राहिला तर टायमिंग चेन, व्हॅक्युम पंप किंवा आणखी काही, आणि मग हा लेख तुमच्या कामाचा नाही.

आता इंजिन बंद करून प्रत्येक पुली हाताने फिरवा. इथे अंदाज उलटा असतो. जी आयडलर पुली (काही न चालवता बेल्टला फक्त वाट दाखवणारी) टिचकी मारल्यावर भिंगरीसारखी सुटते आणि कोरडा सर्र आवाज करत कितीतरी फेरे घेते, ती खराब. आत ग्रीस असलेलं बंद बेअरिंग जरा जड फिरतं आणि एक-दोन फेऱ्यांत थांबतं. खरखर लागली, खडे अडकल्यासारखं वाटलं किंवा हलवल्यावर प्ले लागला तर निकाल स्पष्ट.

आयडलर आणि अल्टरनेटरची बेअरिंगं आधी का जातात ते आकड्यांत बघा. क्रँक पुलीचा व्यास १५० मिलिमीटर आणि अल्टरनेटरचा ५५ धरला तर ८०० आरपीएमच्या आयडलिंगला अल्टरनेटर २१८० च्या आसपास फिरतो. हायवेवर इंजिन ३००० ला गेलं की तो आठ हजारांच्या पुढे. ७० मिलिमीटरचा आयडलर त्याच वेळी सहा हजारांच्या वर. धुळीत आणि चिखलात.

बऱ्याच आयडलरांत ६२०३ नंबरचं बेअरिंग असतं, आतला व्यास १७, बाहेरचा ४०, जाडी १२ मिलिमीटर. पुली धातूची आणि सुस्थितीत असेल तर नुसतं बेअरिंग प्रेसवर बदलता येतं, आणि हा आपल्या गॅरेजांचा चांगला, काटकसरीचा रिवाज आहे. फक्त दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलंच घ्या, पत्र्याच्या झाकणाचं नको, आणि दाबताना जोर बाहेरच्या रिंगवर द्या. आतल्या रिंगवर ठोकून बसवलेलं नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. पुली प्लास्टिकची असेल तर सरळ नवी घ्या.

कॉम्प्रेसरच्या पुलीचं बेअरिंग ओळखायला सोपं. एसी बंद असताना घरघर आणि चालू केल्यावर गायब, किंवा नेमकं उलट. एसीच्या बटणाबरोबर सूर बदलला की तिकडेच बघा. वॉटर पंपाखाली कुलंटचे वाळलेले डाग, गुलाबी, हिरवे किंवा पांढुरके, दिसले तर आवाजाची वाट न बघता पंप बदला. लांब पेचकसाचं एक टोक बेअरिंगजवळच्या बोल्टवर आणि मूठ कानामागच्या हाडाला, ही जुनी युक्ती उत्तम चालते, पण ती ज्याला सवय आहे त्यानेच करावी.

दोन पुल्या ज्यांच्याकडे कुणी बघत नाही

अनेक डिझेल आणि काही पेट्रोल गाड्यांत अल्टरनेटरची पुली साधी नसते, सायकलच्या मागच्या चक्रासारखी एकाच दिशेने पकडते आणि उलट दिशेने सुटी फिरते. हीच ती फ्रीव्हील पुली. डिझेल इंजिन झटके देत फिरतं. ते झटके अल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या जड रोटरपर्यंत पोचू नयेत म्हणून ही सोय. ती जाम झाली की बेल्ट फडफडतो, टेन्शनर झुलतो, आयडलिंगला विचित्र टरटर येते. बेल्ट काढून, अल्टरनेटरच्या जाळीतून त्याचा पंखा लाकडी काडीने अडवा आणि पुली फिरवा. एका दिशेला पकडली पाहिजे, दुसऱ्या दिशेला सुटली पाहिजे किंवा स्प्रिंगसारखी लवचीक लागली पाहिजे. दोन्हीकडे घट्ट म्हणजे जाम, दोन्हीकडे मोकळी म्हणजे तुटली आणि चार्जिंगही बंद. ती काढायला खास स्प्लाइनचं बिट लागतं. "साधी पुली टाकतो, काही होत नाही" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. होतं ते टेन्शनरचं होतं, फक्त नंतर.

दुसरी क्रँक पुली. बऱ्याच गाड्यांत तिची आतली डबी आणि बाहेरची कडी यांच्यामध्ये रबराचा थर असतो. वर्षांनी तो रबर सुटतो, कडी डगमगते, बेल्ट एका लयीत पुढे-मागे सरकतो आणि इंजिन ठोकतंय असं वाटावं असा आवाज येतो. डबीपासून कडीपर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारून ठेवा. चार-आठ दिवसांनी रेघ तुटून सरकलेली दिसली तर कडी घसरतेय. हे पुढे ढकलू नका, ती सुटली तर आजूबाजूचं बरंच काही घेऊन जाते.

गळती, धुलाई आणि घरगुती उपाय

हल्लीचे बेल्ट बहुतेक ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. उष्णता ते चांगली सोसतात, आणि जुन्या निओप्रीनच्या बेल्टसारखे त्यांना सहजी तडे जात नाहीत. म्हणून "तडे नाहीत, बेल्ट चांगला आहे" हा जुना निकष आता फसवतो. हे बेल्ट टायरसारखे झिजतात. जुना आणि नवा शेजारी धरून आडवा छेद बघा. नव्याच्या खाचा व्ही आकाराच्या असतात, झिजलेल्याच्या तळाशी रुंद आणि गोलसर होतात. दिसायला काळाभोर, पकड संपलेली.

या रबराला एक गोष्ट सोसत नाही, खनिज तेल. टॅपेट कव्हरच्या (इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या) पॅकिंगमधून ठिबकणारं इंजिन ऑइल, स्टेअरिंग पंपाचं ऑइल, आणि इंजिन चकाचक दिसावं म्हणून वॉशिंग सेंटरवर मारलेलं डिझेल किंवा रॉकेल. रबर फुगतं, मऊ पडतं, घसरतं. गळती तशीच ठेवून टाकलेला नवा बेल्ट महिनाभर टिकला तरी पुष्कळ. आधी पॅकिंग, मग पुल्यांच्या खाचा ताठ ब्रशने साफ, मग बेल्ट. खाचांत रबराच्या गोळ्या किंवा बारीक खडी रुतलेली असते तीही काढा. प्रेशरच्या पाण्याची धार पुल्यांच्या मधोमध मारणारा धुलाईवाला बेअरिंगाचं आयुष्य कमी करतो, त्याला लांबून मारायला सांगा.

साबण, मेणबत्ती, खोबरेल तेल, टाल्कम पावडर आणि बाजारात मिळणारा बेल्टचा स्प्रे. सगळ्यांनी आवाज जातो, पाण्यानेही जात होताच. चिकट स्प्रेवर धूळ बसते आणि खाचांत घासणारा चिखल तयार होतो. तेलकट गोष्टींनी घसरण वाढते. गाडी विकायची असेल त्या दिवशी लोक हे करतात, म्हणून जुनी गाडी घ्यायला गेलात आणि बेल्ट संशयास्पद चिकट लागला तर पाण्याची बाटली बाहेर काढा.

वाजत असताना चालवायची का

तुटक चिवचिव असेल तर आठवडा-दोन आठवडे चालेल, तपासणी पुढच्या सुटीला करा. सततची घरघर, डगमगणारी पुली, दोरे सुटलेली कड किंवा बॅटरीचा पेटलेला दिवा असेल तर लांबचा प्रवास नको. बेल्ट तुटला आणि वॉटर पंप त्याच्यावर असेल तर खंबाटकीच्या चढाला तापमानाचा काटा बघता बघता वर जातो. लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. वॉटर पंप वेगळा असेल तर बॅटरीवर थोडं अंतर जाता येतं, एसी आणि अनावश्यक दिवे बंद ठेवून. हायड्रॉलिक स्टेअरिंग एकदम जड होतं, ते लक्षात ठेवून वळणं घ्या. इंजिनाच्या आतला टायमिंग बेल्ट हा वेगळाच विषय, तो तुटल्यावर स्टार्टर मारत बसू नका.

नवा बेल्ट टाकलात आणि जुना अजून धड असेल तर तो फेकू नका. ताण द्यायला लागतो त्या मापाच्या पान्ह्यासोबत पिशवीत घालून डिकीत ठेवा, पिशवीवर बेल्टचा नंबर लिहून.